आधी त्यांची भाषा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अकोले तालुक्यातल्या एका शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवत होते. नुकतीच एका प्रशिक्षणाहून परतले होते आणि तिथे ऐकलेला नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता : इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही. श्रावणातला दिवस होता, पाऊस थांबत नव्हता. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा गुडघ्यांवर डोके टेकून बसलेला दिसला. मी त्याला इंग्रजीत विचारले, काय झाले? तो उठून उभा राहिला. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मी पुन्हा विचारले, तो पुन्हा गप्प. त्याला बसायला सांगून मी धडा पुढे नेला. तास संपल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, ‘बाई, त्याला सकाळधरून ताप आहे.’ कपाळाला हात लावला तर चटका बसला. ‘मला ताप आहे’ हे तीन शब्द त्या पोराजवळ होते. ते मीच त्याच्याकडून काढून घेतले होते.

या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना तो मुलगा मला पुनःपुन्हा आठवत राहिला. यात लिहिणारे शिक्षक दोन वाटांनी आलेले आहेत. काही जण नगर जिल्ह्यातून थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया या देशांत इंग्रजी शिकवायला गेले. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, माझ्या पिढीच्या तोंडी मात्र अजून ‘नगर’च येते.) बाकीचे पारनेर, पाथर्डी, जामखेड, अकोले इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत हेच काम करत आहेत. या दोघांची मोट कशाला बांधली, असे मला आधी वाटले होते. वाचत गेले तसा त्यामागचा विचार उमगला. जी भाषा मुलाच्या घरात नाही, गल्लीत नाही, बाजारातही क्वचित ऐकू येते, ती त्याच्या तोंडी कशी बसवायची, हा दोघांपुढचा प्रश्न एकच आहे. ज्यांना थोडेफार यश आले, त्यांनी केलेली गोष्टही एकच आहे. त्यांनी आधी त्या मुलाची भाषा शिकून घेतली.

अकोल्याच्या डोंगरातल्या शाळेत हे काम मराठी शिक्षकालाही चुकत नाही. ठाकर वस्तीवरच्या मुलाची घरातली बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. तिथे शहरातून बदलून आलेली बाईसुद्धा पहिले वर्षभर परदेशीच असते.

परदेशी शिक्षक ही गोष्ट नगरला नवी नाही. आज आपल्याकडचे तरुण बँकॉकला किंवा हनोईला जातात. दोनशे वर्षांपूर्वी नगर हेच असे एक लांबचे, गरीब, उन्हातान्हाचे ठिकाण होते आणि शिक्षक जहाजातून येत होते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८३१ मध्ये मिशनचे ठाणे नगरला झाले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे सांगायला संकोच नको आणि ते विसरायलाही नको. पण शिक्षक म्हणून त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. आल्याआल्या ते पंडिताजवळ बसून मराठी शिकत. बाराखडी, मोडी, म्हणी, शेतातले शब्द, सगळे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चाच. तोवर असा मोठा कोशही हाताशी नव्हता.

सिंथिया फॅरार हे नाव इथे जरा थांबून घ्यावे असे आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात जन्मलेली ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली. तिथे मुलींच्या शाळा चालवल्या, तब्येत बिघडली म्हणून मायदेशी गेली आणि १८३९ मध्ये परतली ती नगरला. १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती इथेच मुलींना शिकवत होती. जोतीराव फुले नगरला आले तेव्हा त्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का केला. १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा हे त्याचे फळ. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला फॅरारबाईंकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. फॅरारबाईंची मातृभाषा इंग्रजी. आजच्या जाहिरातींच्या भाषेत त्या ‘नेटिव्ह स्पीकर’. तरीही त्यांच्या शाळेत मुली अक्षर गिरवत ते मराठी. ही बाब आपण सावित्रीबाईंच्या चरित्रात वाचतो आणि पुढे सरकतो. मला ती फार मोठी वाटते. त्या शाळेच्या प्रभावाने पुण्यात जे उभे राहिले, ते मराठीत उभे राहिले.

याला दुसरी बाजू आहे. १८५४-५५ मध्ये हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीला आले. इंग्रजी शिकलेली मुले गावात राहत नाहीत, सरकारी नोकरीकडे पळतात, तेव्हा इंग्रजी शाळा आवरत्या घ्या आणि देशी भाषेतून शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. मराठी मिशनच्या कामातही इंग्रजीला कात्री लागली. त्यांचे निदान बरोबर होते, उपाय मात्र मला अन्यायाचा वाटतो. गावातल्या मुलाने गावातच राहावे म्हणून त्याला इंग्रजी द्यायची नाही, हे परक्या माणसाने ठरवायचे कोण? पालकांना इंग्रजी हवी होती आणि का हवी होती हे त्यांना नेमके माहीत होते. पुढे इंग्रजी शाळा परतली, कारण मागणी कधी थांबलीच नव्हती. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले तेव्हा आसपासच्या तालुक्यांतल्या मुलांसाठी त्या मागणीला घराजवळ दार मिळाले.

हाच वाद मुंबई इलाख्यात सरकारदरबारीही झाला होता. मेकॉलेचे १८३५ चे टिपण सगळ्यांना ठाऊक असते. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात झालेली लढत फारशी कुणाला ठाऊक नसते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. इंग्रजीला शंकरशेटांचा विरोध नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा हात होता. सामान्य माणसापर्यंत ज्ञान पोचायचे तर ते त्याच्या भाषेतूनच पोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्याच जागी उभे आहोत आणि अजून तेच दोन पक्ष एकमेकांशी भांडत आहेत.

इंग्रजी ‘कशी’ शिकवायची याचे जे संप्रदाय झाले, त्यांची थोडी ओळख नव्या वाचकाला लागेल. सगळ्यात जुना भाषांतराचा. आपल्याकडे त्याचे नाव तर्खडकर. भाषांतर पाठमालेचे ते भाग घरोघरी होते. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. बोलायला शिकवण्यात ही पद्धत लंगडी पडते हे खरे. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहायची सवय तिने लावली.

मग आली प्रत्यक्ष पद्धत. वस्तू दाखवा, कृती करा, मध्ये मातृभाषा आणू नका. ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि या पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी भारतीय शाळांसाठीच लिहिले होते. पुढे त्यांचे नाव मात्र चिकटले ते नियमांच्या जाड पुस्तकाला. त्याच काळात ढाक्यात मायकेल वेस्ट म्हणत होते की बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येणे जास्त उपयोगी आहे. त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. जपानमध्ये हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी वाक्यांचे साचे पारखत होते. आपल्या हातातला हॉर्नबीचा शब्दकोश तिथेच, १९४२ मध्ये तोक्योत पहिल्यांदा छापला गेला. स्वातंत्र्यानंतर भारतात रचना पद्धत आली, म्हणजे साचा घ्या आणि घोटवा. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. १९७० च्या दशकात ‘संवाद’ हा शब्द आला. व्याकरण पुरे, भाषेने काम करता आले पाहिजे, असे हा शब्द आणणाऱ्यांचे सांगणे.

या सगळ्यांत माझ्या मनाजवळचा प्रयोग आपल्या शेजारचा आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत तो केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून ते मुलांसमोर कोडे ठेवत. रेल्वेचे वेळापत्रक देऊन विचारत, या गाडीने निघालो तर कधी पोचू? मूल उत्तर शोधण्यात गुंतायचे आणि भाषा वाटेत हाती लागायची. नगरहून मनमाडला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा घेऊन मी हे करून पाहिले आहे. गाडी चुकायची भीती वाटली की मुले इंग्रजीला भीत नाहीत.

पद्धती बदलल्या, तरी त्यांच्या पोटातला एक समज बदलला नाही. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी शिक्षणतज्ज्ञांची परिषद झाली. तिथून जगभर गेलेल्या धारणा रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये नेमक्या पकडल्या. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. तिचा उत्तम शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी भाषक. जितक्या लवकर सुरुवात, तितके बरे. जितके जास्त तास, तितके बरे. दुसऱ्या भाषा वर्गात आल्या की इंग्रजी बिघडते. फिलिप्सन यांनी या पाचही धारणा चुकीच्या ठरवल्या. माझ्या फळ्याच्या कोपऱ्यातला नियम पहिल्या धारणेचा नातू होता, हे मला फार उशिरा कळले.

ताप आलेल्या मुलाकडे परत जाते, कारण पुस्तकाचा गाभा तिथेच आहे. मराठीत ‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘माझ्याजवळ वेळ नाही’ अशी चार तऱ्हांची वाक्ये होतात. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच ‘हॅव’. मराठीत असे क्रियापदच नाही. आपण वस्तूला ‘असायला’ लावतो आणि स्वतः ‘मला’, ‘माझ्याकडे’ म्हणून बाजूला उभे राहतो. ‘टु मी टू ब्रदर्स आर’ असे लिहिणारे मूल मंद नसते. ते आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून विचार करत असते. हे ज्या शिक्षकाला दिसते, तो त्या चार वाक्यांची एक जुडी बांधतो आणि एका तासात ‘हॅव’ देऊन मोकळा होतो. ज्याला मराठी येत नाही, त्याला त्या वहीत नुसत्या चार वेगवेगळ्या चुका दिसतात.

थायलंडमध्येही तेच. थाई क्रियापद काळानुसार बदलत नाही. काल, आज, उद्या यांसारखे शब्द ते काम करतात. व्हिएतनामी आणि ख्मेरमध्येही क्रियापदाचे रूप काळाबरोबर पालटत नाही. तेव्हा ‘यस्टरडे आय गो टु मार्केट’ असे म्हणणाऱ्या मुलीने काल हा शब्द दिला आहे, तिच्या हिशेबाने वाक्य पूर्ण झाले आहे. व्हिएतनामी मूल शब्दाच्या शेवटचे ‘स्’ गिळते, कारण त्याच्या भाषेत शब्द तसा संपत नाही. आणि इंग्रजीतले अनेकवचन त्या ‘स्’मध्येच असते! चार आठवड्यांचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या परदेशी तरुणाला हे कुणी सांगितलेले नसते. या पुस्तकातल्या लेखकांनाही सांगितले नव्हते. पण ते मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेले. दोन भाषा एकमेकींना अडतात कुठे आणि मदत करतात कुठे, हे त्यांनी स्वतःच्या जिभेवर अनुभवलेले होते. परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात हे भांडवल मोलाचे ठरायला हवे. बहुतेकदा ते ठरत नाही.

या बाजाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आग्नेय आशियात इंग्रजीची भूक खरी आहे. आसियान या दहा देशांच्या संघटनेने २००७ च्या सनदेत इंग्रजी ही कामकाजाची भाषा लिहून ठेवली. (तिमोर-लेस्टे हा अकरावा देश अलीकडे, २०२५ मध्ये आला.) व्हिएतनामने २००८ मध्ये परदेशी भाषांची राष्ट्रीय योजना आखली. कंबोडियात १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे लोक आले आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजी आली. १९९५ मध्ये तर नॉम पेन्हच्या तंत्रसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी फ्रेंच नको, इंग्रजी हवी म्हणून निदर्शने केली. या भुकेवर शिकवण्या उभ्या राहिल्या आणि शिकवण्यांनी गोरा चेहरा विकायला काढला. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिक्षकाचा व्हिसाच मुळात इंग्रजी भाषक अशा सात देशांच्या नागरिकांसाठी बेतलेला आहे. नगरची मुलगी मुलाखतीला बसते तेव्हा तिची पदवी नंतर पाहिली जाते, पासपोर्ट आधी. या वागणुकीचा मला राग आहे आणि तो इथे लपवावा असे वाटत नाही.

फिलिपिन्सची कहाणी या संदर्भात वाचकाने ध्यानात ठेवावी. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. नगरला आलेल्यांसारखे यांनी आधी स्थानिक भाषा शिकण्यात वर्षे घालवली नाहीत. सगळे शिक्षणच इंग्रजीतून सुरू झाले. १९२४ मध्ये नजीब सलीबी या डॉक्टराने, जो स्वतः शाळांचा अधिकारी राहिला होता, स्थानिक भाषांची बाजू मांडली. तेव्हा कुणी ऐकले नाही. २०१३ च्या कायद्याने पहिल्या इयत्तांत मातृभाषा आली आणि २०२४ च्या कायद्याने ती सक्ती पुन्हा गेली. दुसरीकडे त्याच देशाचे शिक्षक आज बँकॉकच्या शाळांत इंग्रजी शिकवतात. एकेकाळचे विद्यार्थी शेजाऱ्यांचे गुरुजी झाले. आपल्या शिक्षकांनी त्यांच्याकडून बरेच घेतले आहे, हे पुढच्या पानांत दिसेल.

आपल्याकडे मागे-पुढे जाणे काही कमी झालेले नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत लांबली. पुढे ती पाचवीला आली. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तेव्हा मी त्यासाठीच्या प्रशिक्षणांत होते. स्वतः पाचवीला एबीसीडी शिकलेले शिक्षक सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी गाणी शिकवायला निघाले होते. कितीतरी जण रात्री घरी तालीम करत. त्यांची कुणी फारशी वाहवा केली नाही, म्हणून इथे करते. त्यानंतर सेमी इंग्रजीची लाट आली, गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसगाड्या फिरू लागल्या, जिल्हा परिषदेचे वर्ग ओस पडू लागले. २०२० चे राष्ट्रीय धोरण शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषा सांगते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून वादळ उठले आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. या साऱ्या गदारोळात चर्चा होते ती इंग्रजी कितवीपासून, याची. वर्गातल्या शिक्षकाला मुलाची बोली येते का, हे कुणी विचारत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागून पाथर्डीचे पोर सहा महिने कुठल्या कुठल्या शाळांत बसून येते. परतल्यावर त्याच्या बोलीत काय काय मिसळलेले असते, हे त्याच्या बाईंशिवाय कुणाला ठाऊक नसते.

हे पुस्तक ‘परदेशी नोकरी कशी मिळवावी’ सांगणारे नाही. व्हिसा, पगार, करार यांची माहिती जागोजागी येते, पण ओघात. शिकवण्याची एकच पद्धत श्रेष्ठ आहे असेही ते ठरवत नाही. लेखकांमध्ये तर्खडकरी शिस्तीचे लोक आहेत आणि प्रभूंच्या वाटेने जाणारेही. फलटणला येऊन मराठी आपलीशी करणाऱ्या आणि मराठी माध्यमाची शाळा उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचे ऋण दोन्ही गट मानतात. इंग्रजी जन्माने मिळालेल्या बाईने मराठीतून वाचायला शिकवण्यात आयुष्य घातले, हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. प्रत्येक लेखकाने आरंभी एक वाक्य दिले आहे : विद्यार्थ्याच्या भाषेतले, लेखकाने स्वतः शिकलेले पहिले वाक्य. कुठे ते थाई आहे, कुठे ख्मेर, कुठे ठाकरी. बहुतेक वाक्ये जेवणाची, पाण्याची किंवा दुखण्याखुपण्याची आहेत.

संपादकांना मी एक विनंती केली होती. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. हे तेच पत्र, जे १८४२ मध्ये नगरला सुरू झाले. त्या शाळांविषयी मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिले, पण शिकणारीने स्वतः काय म्हटले, ते त्या निबंधामुळे आपल्याजवळ आहे. म्हणून मी म्हटले, शिक्षकांचे झाले, आता मुलांचे लिखाण घ्या. ते शेवटी घेतले आहे. काही मराठीत आहे, काही थाई आणि व्हिएतनामीतून आणलेले, काही थेट इंग्रजीत लिहिलेले, आणि इंग्रजीतल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. वाचकाने पुस्तक तिथून उघडले तरी चालेल.